मोटारीला लोड आहे का, ते आधी विचारा

वाचकांचे प्रश्न : कारखान्यातली वीज

मागच्या अंकात मी व्हीएफडीबद्दल, म्हणजे मोटारीचा वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हबद्दल, जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या महिन्याचं सदर त्यालाच देऊन टाकलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : आधी तुर्भ्याला मेंटेनन्समध्ये होते, आता रबाळे एमआयडीसीत एका गाळ्यात ड्राइव्हचं प्रशिक्षण देते. तेव्हा उत्तरं पॅनेलसमोर उभं राहून दिल्यासारखी वाटली तर तसंच समजा.

प्रश्न : ताई, इलेक्ट्रिशियनचा आयटीआय केला आहे. ठाण्यात एक क्लास शनिवार-रविवारात व्हीएफडी शिकवून सर्टिफिकेट देतो. नवी मुंबईत दुसरा आहे, तो तीन आठवडे घेतो, पण फी तिप्पट. नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत ‘व्हीएफडीची माहिती हवी’ असं असतं. कुठे जाऊ? – एक वाचक, कळवा

उत्तर : दोन्हीकडे जा, पण पैसे भरायला नाही, बघायला. आत शिरलास की टेबलावरची मोटार बघ. शाफ्टला काही जोडलंय का? पुष्कळ ठिकाणी शाफ्ट मोकळा असतो आणि फिरताना दिसावा म्हणून त्यावर लाल चिकटपट्टी लावलेली असते. अशी मोकळी मोटार कुठल्याही ड्राइव्हवर मजेत फिरते. पॅरामीटर चुकीचे भरले तरी फिरते. त्यातून एवढंच कळतं की हिरवं बटण दाबलं की मोटार चालू होते, आणि ते कळायला फी भरायची गरज नाही.

मोटारीला लोड हवा, म्हणजे फिरवायला काहीतरी ओझं. लोड द्यायचा महागडा पावडर ब्रेक नसला तरी अडत नाही. तू आयटीआयत ब्रेक टेस्ट केली असशील, पुलीवर पट्टा आणि त्याच्या टोकांना स्प्रिंग बॅलन्स. तेवढंही पुरतं. नाहीतर जुना डीसी जनरेटर जोडायचा आणि त्यावर बल्ब पेटवायचे.

आमच्याकडे काय होतं ते सांगते, म्हणजे तुला ताडून बघता येईल. दोन एचपीची, दीड किलोवॉटची मोटार. नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट, ३.४ अँपिअर, ५० हर्ट्झ, १४२० आरपीएम. पहिली सकाळ ड्राइव्हला वीजच द्यायची नाही, नुसती नेमप्लेट वाचायची. १४२० का, १५०० का नाही? मोटार चार पोलची. १२० गुणिले ५० भागिले ४ म्हणजे १५००, तो फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा वेग, रोटर त्याच्या जरा मागे. हे सगळी मुलं घडाघडा सांगतात. मग मी विचारते, २५ हर्ट्झ दिले तर मोटारीला व्होल्ट किती मिळतील? इथे वर्ग गप्प. ४१५ भागिले ५० म्हणजे हर्ट्झमागे ८.३ व्होल्ट. ते प्रमाण ड्राइव्ह सांभाळतो, म्हणून २५ ला साधारण २०७. फ्रिक्वेन्सी उतरवून व्होल्ट तसेच ठेवले असते तर लोखंड सॅच्युरेट होऊन मोटार नुसतीच तापली असती.

दुपारी पट्टा आवळायचा आणि ५ हर्ट्झवर स्टार्ट द्यायचा. हिशेबाने ४१ व्होल्ट जातात. मोटार घुं करते आणि जागची हलत नाही. इतक्या कमी व्होल्टमधला बराच भाग वायंडिंगचा रेझिस्टन्सच खाऊन टाकतो, जोर यायला काही उरतच नाही. आता टॉर्क बूस्ट, म्हणजे कमी वेगाला दिलेले जादा व्होल्ट, चढवायचं, थोडं थोडं. एका टप्प्याला पट्टा घासल्याचा वास येतो आणि पुली सरकायला लागते. मुलं खूश होऊन आणखी चढवतात. मोटार गुरगुरते, टाँग टेस्टरवर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा लावायच्या मीटरवर, करंट नेमप्लेटच्या वर जातो आणि थोड्या वेळात ड्राइव्ह ट्रिप, म्हणजे स्वतःहून बंद. मग पट्टा उतरवायचा, नेमप्लेटचे आकडे ड्राइव्हमध्ये भरायचे, ऑटो-ट्यूनिंग करायचं, म्हणजे ड्राइव्हला मोटार स्वतः मोजू द्यायची, आणि व्हेक्टर मोडवर, जिथे ड्राइव्ह त्या मापावरून जोर सांभाळतो, परत तोच पट्टा, तेच ५ हर्ट्झ. जोर कुठून आला ते आता हाताला कळतं. ऑटो-ट्यूनिंगचे दोन प्रकार असतात, मोटार फिरवून आणि न फिरवता. फिरवून करायचं तर लोड सुटा हवा. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि कारखान्यात घाईघाईत हमखास विसरलं जातं.

आणखी एक प्रयोग विचार, करून दाखवतात का. १० हर्ट्झवर पूर्ण लोड ठेवून टाँग टेस्टर आधी आउटपुटला लावायचा, मग इनपुटला. आउटपुटला ३.४ अँपिअर आणि इनपुटला एकाच्या आसपास. पहिल्यांदा बघणारा मीटर हलवून बघतो, बॅटरी गेली का म्हणून. मीटर ठीक असतो. कमी वेगाला मोटार जोर पूर्ण लावते, पण काम कमी करते, आणि लाइनकडून ड्राइव्ह त्या कामापुरतीच वीज मागतो. उरलेला करंट मोटार आणि ड्राइव्ह यांच्यातच फिरत राहतो. व्होल्टचं तर त्याहून वेगळं. साधा मल्टिमीटर यू-व्ही-डब्ल्यूवर, म्हणजे ड्राइव्हच्या आउटपुट टर्मिनलवर, धरला तर भलतेच आकडे दाखवतो, कारण तिथे साइन वेव्ह नसते, सेकंदाला हजारो वेळा तुटणारे पल्स असतात. त्यासाठी लो-पास फिल्टरचा मीटर लागतो. ज्या क्लासमध्ये तो मीटर नाही, तिथे निदान हे तोंडाने तरी सांगितलं पाहिजे.

बाकीचं लवकर सांगते. एका बेंचवर तीनपेक्षा जास्त मुलं असतील तर चौथा नुसता बघ्या. मॅन्युअल तुझ्या हातात देतात की छापील नोट्स, ते बघ. नोट्स नोकरीत उपयोगी पडत नाहीत, कारण उद्या कंपनीत सीमेन्सचा ड्राइव्ह असेल, परवा डेल्टाचा, नाहीतर एबीबीचा. फॅक्टरी रिसेट मारून पुन्हा शून्यापासून ड्राइव्ह उभा करायला लावतात का? पॉटने, म्हणजे फिरवायच्या बटणाने, वेग देणं, ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलने देणं, पॅनेलवरच्या बटणांनी स्टार्ट-स्टॉप, हे वायरिंग तुझ्या हातून होतं का? कीपॅडवरून मोटार फिरवणारे पुष्कळ भेटतात. कंट्रोल टर्मिनलला स्क्रूड्रायव्हर लावायची वेळ आली की मागे सरतात.

आता फीचं. तीन आठवडेवाल्याकडे लोड असेल तर डोळे मिटून तिथे जा. दोन्हीकडे नसेल तर पैसे खिशात ठेव आणि अ‍ॅप्रेंटिसशिप शोध, ती १९६१ च्या कायद्याने मिळणारी गोष्ट आहे आणि वर स्टायपेंडही मिळतो. चुनाभट्टीच्या एनएसटीआय या सरकारी प्रशिक्षण संस्थेतही जाऊन चौकशी कर, जुनी माणसं तिला अजून एटीआय म्हणतात. तुला कळव्याहून कुर्ला आणि तिथून हार्बरने पुढचंच स्टेशन. इंटरव्ह्यूत सर्टिफिकेट फाइलमध्ये राहतं. समोरचा मेंटेनन्स मॅनेजर विचारतो, “ड्राइव्ह थांबवताना ओव्हरव्होल्टेज दाखवतो, काय कराल?” त्याचं उत्तर पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न : मॅडम, आमच्या ब्लोअरचा ड्राइव्ह चालताना काही बोलत नाही, पण थांबवताना ट्रिप होतो. डिस्प्लेवर एफ-०००२ येतं. बहुतेक वेळा तिसऱ्या पाळीतच. साहेब म्हणतात ड्राइव्ह बदला. – पाळी इलेक्ट्रिशियन, तुर्भे

उत्तर : सीमेन्सचा मायक्रोमास्टर दिसतोय. एफ-०००२ म्हणजे डीसी बसचं, ड्राइव्हच्या आतल्या डीसीचं, ओव्हरव्होल्टेज. ड्राइव्ह बदलू नका, नवाही असाच ट्रिप होईल.

ड्राइव्ह आलेल्या एसीचा आधी डीसी करतो. ४१५ व्होल्टला तो डीसी ५६० च्या आसपास असतो. ब्लोअरचं चाक जड. तुम्ही स्टॉप दिला की ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी उतरवू लागतो, पण चाक आपल्याच जोराने फिरत असतं, म्हणजे मोटार आता जनरेटर झाली. ती वीज उलट येऊन ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये साठते. पुढे रेक्टिफायर आहे, तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो, लाइनला परत जायला वाट नाही. व्होल्ट चढत चढत आठशेच्या घरात गेले की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो.

तिसऱ्या पाळीचं कोडंही त्यातच आहे. रात्री आजूबाजूच्या कंपन्यांचा लोड उतरतो आणि लाइनचे व्होल्ट चढतात. ४५० झाले की बस सुरुवातीलाच सहाशेच्या वर, वरची जागा तेवढी कमी. रात्री दोन वाजता एकदा इनकमरवर, म्हणजे येणाऱ्या लाइनवर, व्होल्ट मोजा आणि कीपॅडवर डीसी बसचा आकडा लावून ठेवा. स्टॉप देताना तो कसा चढतो ते डोळ्यांनी बघा, साहेबांनाही दाखवा.

उपाय : डिसेलरेशन टाइम, म्हणजे थांबायला दिलेला वेळ, वाढवा. १० सेकंद असेल तर ४०, ६०, लागतील तेवढे. ब्लोअरला थांबायची घाई नसते, चालत असेल तर कोस्ट स्टॉप ठेवा, आपोआप थांबू दे. फक्त पूर्ण थांबायच्या आत कुणी परत स्टार्ट देणार असेल तर फ्लाइंग स्टार्ट, म्हणजे फिरती मोटार आहे त्या वेगाला पकडणं, चालू करा. खरोखरच लवकर थांबवायचं असेल, सेंट्रिफ्यूजसारखं, तरच उलट आलेली वीज जाळणारा ब्रेकिंग रेझिस्टर. तो पॅनेलच्या बाहेर, जाळीत, थर्मल स्विच लावून. पॅनेलच्या आत बसवलेले रेझिस्टर मी पाहिलेत. वरच्या डक्टमधल्या वायरींचं इन्सुलेशन पापडासारखं कुरकुरीत झालेलं असतं.

आमच्या शेडमध्ये जुन्या पॉवर प्रेसचं फ्लायव्हील या एकाच धड्यासाठी ठेवलंय. मुलं डिसेलरेशन वीसवरून दोन सेकंदांवर आणतात आणि ट्रिप स्वतःच्या हाताने घडवतात.

प्रश्न : आमची सोसायटी सात मजली. पाण्याच्या पंपाला व्हीएफडी लावून ४० हर्ट्झवर चालवला तर वीज निम्मी लागेल असं एक विक्रेता सांगतो. आकडेमोडही त्याने करून दिली आहे. लावावा का? आणि आमच्या इलेक्ट्रिशियनला शिकवाल का? – सोसायटीचे सचिव, कोपरखैरणे

उत्तर : त्याची आकडेमोड बरोबर आहे, फक्त ती तुमच्या पंपाची नाही. सेंट्रिफ्यूगल पंपाला किंवा पंख्याला वेग ८० टक्के केला की पॉवर ०.८ चा घन, म्हणजे ५१ टक्के लागते, हे खरं. पण त्याच नियमाचा दुसरा भाग विक्रेते गिळतात. पाणी चढवायची उंची वेगाच्या वर्गाने घटते.

तुमच्या पंपाची नेमप्लेट बघा. समजा व्हॉल्व्ह बंद असताना तो ५० हर्ट्झवर जास्तीत जास्त ३६ मीटर हेड देतो आणि खालच्या टाकीपासून गच्चीवरच्या टाकीचं तोंड २८ मीटरवर आहे. ४० हर्ट्झला ३६ चे ०.६४, म्हणजे २३ मीटर. पाणी पाचव्या-सहाव्या मजल्यापर्यंत पाइपमध्ये चढेल आणि तिथेच उभं राहील. पंप आतल्या आत पाणी घुसळत बसेल, तेच पाणी तापेल, सील जाईल. वीज मात्र खरंच कमी लागेल! या पंपाला पाणी नुसतं वर टेकवायलाच ४४ हर्ट्झ लागतात आणि टाकी वेळेत भरायची तर पन्नासच्या जवळपासच राहावं लागणार. गच्चीची टाकी भरणाऱ्या पंपाला व्हीएफडीने बिलात फारसं काही हाती लागत नाही. सुरुवातीचा झटका जातो, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धाडकन आपटत नाही, हे फायदे आहेत, पण त्यासाठी एवढा खर्च करायचा का ते सभेत ठरवा. त्यापेक्षा गळका फूट व्हॉल्व्ह आणि घासलेला इम्पेलर बदला.

टाकी नसती आणि नळाला थेट प्रेशरने पाणी देणारी सिस्टिम असती तर मी ‘लावा’ म्हटलं असतं. पहाटे तीनला एक नळ उघडा आणि सकाळी सातला साठ, तिथे व्हीएफडी पैसे वसूल करतो. बेसमेंटचे एक्झॉस्ट पंखे आणि एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा, ब्लोअर यांचाही विचार करा. पंख्याला चढायला उंची नसते, तिथे घनाचा नियम बराच खरा ठरतो. ब्लोअर मात्र रूट्स जातीचा, म्हणजे दर फेऱ्याला ठरावीक हवा ढकलणारा, असेल तर बचत साधारण वेगाच्याच प्रमाणात धरा, घनाने नाही.

इलेक्ट्रिशियनला जरूर पाठवा. त्याला दोनच गोष्टी पक्क्या यायला हव्यात : पाण्याच्या वेळेला ड्राइव्ह बंद पडला तर बायपासवर, म्हणजे ड्राइव्ह वगळून थेट लाइनवर, पंप कसा चालवायचा, आणि बायपास करताना लाइन ड्राइव्हच्या आउटपुटला कधीही भिडणार नाही याची खात्री कशी करायची. यू-व्ही-डब्ल्यूला उलटी लाइन गेली की आतले आयजीबीटी, म्हणजे पॉवर स्विच, त्या क्षणी जातात. दोन कॉन्टॅक्टर लावले असतील तर त्यांच्यात एका वेळी एकच लागेल असा मेकॅनिकल इंटरलॉक आहे का, ते आजच उघडून बघा.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये छोटं युनिट आहे, सिंगल फेज मीटर. थ्री फेज लेथसाठी सिंगल फेज इनपुटचा २ एचपीचा ड्राइव्ह घेतला. मोटार फिरते, पण टूल लावलं की थांबते. मोटार फसवून दिली का? – एक उद्योजक, ठाणे

उत्तर : मोटार चांगली असेल, कनेक्शन बघा. सिंगल फेजवरचा ड्राइव्ह तीन फेज देतो, पण २३० व्होल्टच्या. तुमची मोटार ४१५ व्होल्टला स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वायंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधून, जोडलेली असणार. तिला २३० दिले की जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

मेन बंद करून टर्मिनल बॉक्स उघडा. सहा टर्मिनल आणि तीन पितळी पट्ट्या दिसतील. वरच्या तिन्ही टर्मिनलना आडवी जोड असेल तर स्टार. नेमप्लेटवर २३०/४१५, डेल्टा/स्टार असं लिहिलं असेल तर पट्ट्या काढून उभ्या बसवा, वरचं एक खालच्या एकाला. झाला डेल्टा, आणि डेल्टात या मोटारीला २३० च हवेत. करंट १.७३ पट होईल, ३.४ चा जवळजवळ ५.९. तो नवा आकडा ड्राइव्हमध्ये भरा, नाहीतर ओव्हरलोडला ट्रिप होत राहील. ड्राइव्हचा आउटपुट करंट त्याहून जास्त आहे ना तेही बघा. इनपुटला पंधरा अँपिअरच्या आसपास ओढेल, तेव्हा दिव्याच्या सर्किटवरून लाइन घेऊ नका.

बॉक्समध्ये तीनच वायरी आल्या असतील तर स्टार आतच बांधलेला आहे. रिवाइंडिंगवाल्याकडून सहा टोकं बाहेर काढून घ्या. आणि लेथचे गिअर-पुली काढून टाकू नका. सगळा वेग ड्राइव्हनेच कमी करायला गेलात तर मोटारीचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो. १० हर्ट्झवर तासभर जड कट घेतलात तर बॉडीला हात लावता येणार नाही.

प्रश्न : ड्राइव्ह लावल्यापासून मोटार शिट्टी मारते. बेअरिंग गेलं का? – रबाळे

उत्तर : नाही, ती कॅरियर फ्रिक्वेन्सी, म्हणजे ड्राइव्हच्या पल्सचा वेग, आहे. २-३ किलोहर्ट्झवर कानाला टोचते, ८ वर केली की जवळजवळ ऐकू येत नाही. पण चढवाल तसा ड्राइव्ह जास्त तापतो आणि लिकेज करंट वाढतो. आवाज सहन होत असेल तर होऊ द्या.

प्रश्न : माझी मुलगी डिप्लोमा करून ड्राइव्हचं काम शिकायचं म्हणते. शॉकची भीती वाटते, शिवाय कारखान्यातलं वातावरण. तुम्ही बाई म्हणून काय सांगाल? – एक आई, ऐरोली

उत्तर : शॉकची भीती योग्य आहे आणि ती मुलीलाही असू द्या. ड्राइव्हचा धोका वेगळा असतो, हे मी सगळ्यांना पहिल्याच तासाला सांगते. मेन बंद केला, डिस्प्ले विझला, तरी आतल्या कपॅसिटरमध्ये पाचशेच्या वर डीसी व्होल्ट राहिलेले असतात. झाकणावर थांबायची मिनिटं छापलेली असतात, कुठे पाच, कुठे दहा, मोठ्या ड्राइव्हवर त्याहून जास्त. तेवढं थांबायचं, आणि थांबून झाल्यावरही मीटरने पॉझिटिव्ह-निगेटिव्ह टर्मिनलवर मोजायचं. मोजायच्या आधी तोच मीटर चालू लाइनवर लावून तो खरं दाखवतो ना ते बघायचं. मोजून झालं की परत एकदा चालू लाइनवर. मुलं कंटाळतात. मी मेन स्विचला कुलूप लावून किल्ली त्याच मुलाच्या खिशात ठेवायला लावते, दुसऱ्या कुणाच्या नाही.

वातावरणाचं म्हणाल तर इंटरव्ह्यूला गेल्यावर मुलीने तीन गोष्टी विचाराव्यात : शॉप फ्लोअरजवळ बायकांसाठी वेगळं टॉयलेट आहे का, उशिराच्या पाळीला घरापर्यंत गाडी आहे का, आणि पाळीत दुसरी बाई असते का. उत्तर देताना समोरचा हसला तर ती कंपनी सोडून द्यावी. कामात अंगमेहनत कमी आणि डोकं जास्त लागतं. माझ्याकडे येणाऱ्या मुली मॅन्युअल शेवटपर्यंत वाचतात, मुलं मित्राला फोन लावतात. नियम म्हणून सांगत नाही, दिसतं ते सांगते.

प्रश्न : मोटारीला मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मारताना ड्राइव्ह नुसता बंद केला तर चालेल का? – महापे

उत्तर : नाही. यू-व्ही-डब्ल्यूच्या तिन्ही वायरी ड्राइव्हवरून सोडवा, मगच मेगर. ५०० व्होल्ट ड्राइव्हच्या आत गेले तर मोटारीचं इन्सुलेशन कळेल, पण ड्राइव्ह गेलेला असेल.

प्रश्न : घरी सराव करायला लोहार चाळीतून जुना १ एचपीचा, सिंगल फेज इनपुटचा ड्राइव्ह आणला. दोन वर्षं पडून होता म्हणतात. लगेच जोडू का? – विद्यार्थी, घणसोली

उत्तर : लगेच नको. वर्षभराहून जास्त पडून राहिलेल्या ड्राइव्हचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थेट २३० सहन करतीलच असं नाही, फुगून फुटू शकतात. व्हेरिअ‍ॅकवरून, म्हणजे व्होल्ट कमीजास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवरून, हळूहळू चढवायचं. टप्पे आणि वेळ त्या ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये ‘रिफॉर्मिंग’ या सदराखाली असतात. व्हेरिअ‍ॅक नसेल तर शनिवारी ड्राइव्ह घेऊन आमच्या शेडमध्ये ये. त्याआधी झाकण न उघडता पंख्याच्या बाजूने आत टॉर्च मारून बघ. खाडीच्या हवेत राहिलेल्या बोर्डवर हिरवट बुरशीसारखं दिसलं तर दुकानदाराला परत कर.

ठीक निघाला तरी घरच्या लाइनवर जोडशील तेव्हा अर्थला करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडायची शक्यता आहे. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला जातोच. पडतो म्हणून आरसीसीबी बायपास करायचा नाही आणि अर्थची वायरही सोडायची नाही. मोटारीची केबल छोटी ठेव, कॅरियर फ्रिक्वेन्सी कमी कर. तरीही पडत असेल तर सराव शेडमध्येच कर. मोटार अर्धा एचपीची आण, आणि पुलीसकट आण.